वरच्या मजल्यावर पाण्याला फोर्स नाही? पाइप बदलायच्या आधी हे तपासा

पुण्यात सिंहगड रोड, धायरी, वारजे या पट्ट्यात मी गेली वीस-बावीस वर्षं प्लंबिंगची कामं घेतोय. इथल्या पार्किंग अधिक चार मजल्यांच्या सोसायट्यांमधून एक फोन ठरलेला असतो. "चौथ्या मजल्यावर पाण्याला अजिबात फोर्स नाही. पाइप लहान पडलाय, मोठा टाकून द्या." निदान आधीच झालेलं असतं, मी फक्त पान्हा घेऊन यायचं.

बऱ्याचदा पाइपचा काही दोष नसतो. आणि जेव्हा असतो, तेव्हा बहुतेक वेळा तो त्या फ्लॅटमधला पाइप नसतो. तो असतो गच्चीवर, सगळ्यांच्या सामाईक. म्हणजे बाथरूमच्या टाइल्स फोडून आत पाऊण इंची टाकली तरी धार होती तेवढीच राहते. अशा फोडलेल्या तीन बाथरूम माझ्या डोळ्यांसमोर आहेत, म्हणून हे लिहितोय.

फोनवर मी काय विचारतो

फक्त एका नळाला धार बारीक आणि शेजारच्याला ठीक असेल तर दोष त्या नळातच आहे. गरम पाणी बारीक आणि थंड ठीक असेल तर गीझर किंवा सोलरच्या लाइनकडे बघायचं. कालपर्यंत चांगलं होतं आणि आज सकाळपासून सगळ्या घराला नाही, असं असेल तर व्हॉल्व्ह, टाकी किंवा पाइपात अडकलेली हवा. एका रात्रीत पाइपचा व्यास कमी होत नाही. दोन-चार वर्षांत हळूहळू कमी होत गेलं आणि लाइन जुन्या जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची) असेल, तर आतून गंज चढलाय.

पाइपच्या मापाची खरी लक्षणं दोन. पहाटे पाचला बादली झटकन भरते आणि सात ते नऊच्या दरम्यान करंगळीएवढी धार उरते, हे पहिलं. दुसरं त्याहून पक्कं: खालच्या मजल्यांवर नळ सुरू झाले की वरचा नळ पाणी देण्याऐवजी हवा आत ओढतो. उघड्या नळाच्या तोंडाला तळहात लावला तर तो चिकटतो. लोक घाबरतात, भुताटकी म्हणतात. तो शुद्ध मापाचा हिशोब आहे, तो पुढे मांडतो.

आणि ताबा घेतल्या दिवसापासूनच सगळ्या वेळी फोर्स कमी असेल, पहाटेसुद्धा, तर पाइपवर पैसे घालू नका. तुमच्या डोक्यावरच्या टाकीला उंचीच नाही.

एक गैरसमज आधी काढून टाकू

नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब उडतं, त्यावरून लोकांना वाटतं की पाइप बारीक केला की प्रेशर वाढतं. काही मिस्त्रीसुद्धा हेच सांगतात. अंगठ्याने धार वेगवान होते, पण बादली भरायला उलट जास्त वेळ लागतो. घरी करून बघा.

टाकीच्या पाण्याला दाब मिळतो तो फक्त उंचीने. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो, म्हणजे एक चौरस सेंटिमीटरवर एक किलो. पाइप कितीही जाड असो, तो यात भर घालत नाही. पाइप फक्त वाटेत दाब खातो; जाड पाइप कमी खातो, बारीक जास्त.

आता चौथ्या मजल्याचा हिशोब बघा. शॉवर जमिनीपासून सात फुटांवर. त्यावर तीन फुटांवर स्लॅब. स्लॅबवर तीन फुटांचा कट्टा, त्यावर टाकी. म्हणजे शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत सहा फूट, आणि टाकी काठोकाठ भरलेली असली तर पाण्याच्या पातळीपर्यंत दहा फूट. दाब झाला ०.२ ते ०.३ किलो. पहिल्या मजल्यावाल्याला याच टाकीतून एक किलोच्या वर मिळतो. वरच्या माणसाकडे खर्चायलाच सहा-दहा फूट आहेत, त्यामुळे वाटेत कोणी पाच फूट खाल्ले तर त्याची आंघोळ बादलीवर येते. खालच्याला ते पाच फूट कळतही नाहीत. म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये "आम्हाला तर काही प्रॉब्लेम नाही" हे वाक्य ऐकू येतं.

फुकटातल्या तपासण्या

बादली आणि मोबाइल घ्या. बाथरूमचा खालचा नळ पूर्ण उघडून वीस लिटरची बादली किती वेळात भरते ते मोजा. दोन मिनिटं म्हणजे मिनिटाला दहा लिटर, उत्तम. चार मिनिटं म्हणजे कुरकुर. सहाच्या वर गेलं तर काहीतरी अडलंय. हेच मोजमाप पहाटे पाचला एकदा आणि सकाळी आठला एकदा घ्या आणि भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. या दोन आकड्यांशिवाय मी हल्ली कोटेशन देत नाही. दोन्ही वेळा सारखंच वाईट असेल तर अडथळा आहे किंवा उंची नाही. आठला वाईट आणि पाचला चांगलं असेल तर पाइप.

मग नळाच्या तोंडची जाळी काढा. बोअरचं पाणी असेल तर ती पांढरी झालेली असणार. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. बेसिनखालचा अँगल कॉक (भिंतीपाशी असलेला छोटा व्हॉल्व्ह) बंद करून नळी सोडवली की तिच्या तोंडाशी रबराचा तुकडा, वाळू, टेफ्लॉनच्या चिंध्या सापडतात. जुन्या जीआयच्या जोडांमध्ये सफेदा आणि ताग भरलेला असायचा. त्या तागाचे धागे सुटून येतात आणि अँगल कॉकच्या आत केसांच्या गुंत्यासारखे बसतात.

शॉवरबद्दल एकच सांगतो. ताटाएवढे रेन शॉवर बहुधा एक किलोच्या आसपास दाब धरून बनवलेले असतात, आणि किमान किती दाब लागतो ते खोक्यावर छापलेलं असतं. तुमच्याकडे पाव किलो आहे. तो शॉवर काढून साधा लावला आणि तक्रार मिटली, असं मी अनेकदा केलंय. गिऱ्हाइकाला वाईट वाटतं, पण पैसे वाचतात.

गच्चीवर

सोसायटीच्या परवानगीने गच्चीवर जा आणि आधी टाकीत किती पाणी आहे ते सकाळच्या वेळी बघा. खालच्यांना काही फरक पडत नाही, पण टाकी तळाला गेली की वरच्याचे दहाचे सहा फूट होतात. फ्लोट अडकल्यामुळे किंवा वॉचमन मोटर उशिरा लावतो म्हणून टाकी अर्धीच भरत असेल, तर इलाज पाइपात नाही, वेळापत्रकात आहे. सकाळी सहाच्या आत टाकी भरलेली पाहिजे.

पुढे टाकीतून निघणाऱ्या लाइनवरचा व्हॉल्व्ह. जुन्या इमारतींत पितळी गेट व्हॉल्व्ह असतो. चाक फिरतं, दांडा वर येतो, वाटतं की उघडला. आत मात्र पत्रा दांड्यापासून तुटून खाली बसलेला असतो. वारज्यात एका सोसायटीने डाऊनटेक, म्हणजे गच्चीवरून फ्लॅटांकडे खाली उतरणारी सामाईक लाइन, बदलण्याचं कोटेशन माझ्याकडे मागितलं होतं. मी व्हॉल्व्ह खोलला तर पत्रा आत आडवा, कडेला जेमतेम बोट जाईल एवढी फट, आणि त्या फटीत गाळाचा लगदा. बॉल व्हॉल्व्ह बसवला आणि काम दुपारच्या जेवणाआधी संपलं. बॉल व्हॉल्व्ह घेताना फुल बोअर मागा. स्वस्तातल्या काही व्हॉल्व्हचं भोक पाइपपेक्षा एक माप लहान असतं. आरपार डोळा लावून बघा, दुकानदार काहीही म्हणो.

टाकीच्या तळाला गाळ किती आहे तेही याच फेरीत बघून घ्या.

हवा अडकणं हा गच्चीवरचा दुसरा नेहमीचा आजार. टाकीतून निघालेला पाइप कठड्यावरून नेण्यासाठी वर चढवून पुन्हा खाली उतरवला की त्या कमानीत हवा साठते. टाकी धुतल्यावर किंवा एकदा रिकामी झाल्यावर पाणी येत नाही, आणि मग हळूहळू फुसफुसत येतं, ते यामुळे. पाइप टाकीपासून डाऊनटेककडे सलग उताराने जायला हवा. आणि डाऊनटेक जिथे खाली वळते तिथे एक उघडी व्हेंट नळी वर काढून टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच न्यायची, तोंड खाली वळवून जाळी लावायची. अर्ध्या इंचाच्या नळीचं काम, पण कितीतरी इमारतींत ती नसतेच. असली तरी कोणीतरी "यातून पाणी उडतं" म्हणून टोपण मारलेलं असतं.

लेव्हल ट्यूबची तपासणी

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता पाइपच्या मापाकडे वळायचं, पण अंदाजाने नाही. साधा प्रेशर गेज इथे फार उपयोगी नाही, कारण दहा किलोच्या डायलवर पाव किलोला काटा जागचा हलत नाही. गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतात, ती घ्या. वीस-पंचवीस फूट पुरते.

चौथ्या मजल्याच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा नळ असतो, त्याला ट्यूबचं एक टोक क्लिपने घट्ट बसवायचं. दुसरं टोक गच्चीवरून दोरी सोडून वर ओढून घ्यायचं आणि टाकीच्या स्टँडला उभं बांधायचं. खिडकीतून वाकून हे करू नका. दोरी गच्चीवरूनच सोडायची. नळ उघडला की ट्यूबमध्ये पाणी चढतं आणि बरोबर टाकीतल्या पाण्याच्या पातळीला येऊन थांबतं. तिथे स्केच पेनने खूण करा. ही झाली शांत पातळी, आणि ती पाइपच्या मापावर अवलंबून नाही.

आता खालच्या तीन मजल्यांना फोन करून प्रत्येकी दोन नळ उघडायला सांगा आणि ट्यूबकडे बघत राहा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी शेजारी उभे होते. ट्यूबमधलं पाणी खुणेवरून खाली सरकलं, टाकीच्या बुडाखाली गेलं, कट्ट्याखाली गेलं आणि कठड्याच्या पलीकडे दिसेनासं झालं. टाकी मात्र भरलेली. जितकं अंतर पाणी उतरलं तितका दाब सामाईक पाइपने खाल्ला. सेक्रेटरी काकांनी त्यानंतर पाइपबद्दल वाद घातला नाही.

पाणी फूट-दीड फूटच उतरलं तर सामाईक लाइन ठीक आहे, तुमच्या फ्लॅटच्या आत बघा. पाच-सात फूट उतरलं तर गच्चीवरचा लूप (टाकीपासून डाऊनटेकपर्यंतची सामाईक लाइन) किंवा डाऊनटेक लहान आहे.

आता आकडे

हा हिशोब सीपीव्हीसी या प्लॅस्टिक पाइपचा, त्यातल्या जाड भिंतीच्या एसडीआर ११ प्रकाराचा. मिनिटाला दहा लिटर, म्हणजे एका नळाचं पाणी, दहा मीटर सरळ पाइपातून नेलं तर अर्धा इंची पाइप जवळपास दोन मीटर उंचीचा दाब खातो. पाऊण इंची खातो साधारण तीस सेंटिमीटर. एक इंची खातो नऊ-दहा सेंटिमीटर. पाइपचा व्यास दुप्पट केला की त्याच प्रवाहाला दाबाची नासाडी जवळपास तिसाव्या हिश्शावर येते; दुपटीने चौपट हा जो शाळेतला हिशोब आहे तो क्षेत्रफळाचा, घर्षणाचा नाही. वरच्या मजल्यावर फ्लॅटच्या आत लांब अर्धा इंची लाइन का चालत नाही, ते इथे कळतं. त्याच्याकडे दोन-तीन मीटरच आहेत, त्यातले दोन गेले. अर्धा इंची फक्त शेवटच्या नळापुरता, दोन-चार फूट. बाथरूमपर्यंत पाऊण इंची आलाच पाहिजे.

सामाईक लाइनचं उदाहरण घ्या. गच्चीवर टाकीपासून बारा मीटर एक इंची पाइप, तिथून खाली चार फ्लॅट. खालच्या तिघांनी दोन-दोन नळ उघडले, म्हणजे मिनिटाला साठ लिटर. त्या बारा मीटरमध्येच जवळपास तीन मीटर दाब संपला, एल्बो (वळणं) आणि टी (फाटे) यांचं वेगळं. शॉवरपाशी शिल्लक शून्याच्या खाली, म्हणून नळ हवा ओढतो. खालच्यांना मात्र त्यापुढे आणखी मजल्यांची उंची मिळते, त्यांचं पाणी चालूच. तोच पाइप दीड इंची असता तर नासाडी अर्ध्या मीटरवर आली असती.

म्हणून टाकीजवळचा पाइप सगळ्यात जाड आणि खाली उतरताना एकेक माप कमी, हा क्रम असतो. काही बिल्डर उलट करतात, कारण गच्चीवरचा लूप सगळ्यात लांब आणि पैसे तिथेच वाचतात. चार फ्लॅटच्या एका डाऊनटेकला वर दीड इंची, त्याखाली सव्वा, शेवटच्या फ्लॅटला एक, असं मी साधारण धरतो. दोन-तीन डाऊनटेक एका लूपवर असतील तर लूप दोन किंवा अडीच इंची.

हे फ्लश टाकी असलेल्या घरांचं झालं. भिंतीतला दाबायचा फ्लश व्हॉल्व्ह असेल तर हा हिशोब विसरा. तो काही सेकंद नऊ-दहा नळांचं पाणी एकदम मागतो. त्याला वेगळी सव्वा-दीड इंची लाइन लागते, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर तो लावूच नये असं माझं मत आहे.

मापाच्या नावाची फसवणूक

जुनी जीआय काढून सीपीव्हीसी टाकताना "अर्ध्याला अर्धा, एकाला एक" असं माप धरतात आणि इथेच गणित चुकतं. जीआयचा अर्धा इंची मध्यम वर्गाचा, निळ्या पट्ट्याचा, आतून सोळा मिलिमीटर असतो. सीपीव्हीसीचा अर्धा इंची बाहेरून १५.९ आणि आतून जेमतेम साडेबारा. म्हणजे जीआयच्या पोटात सीपीव्हीसी बसेल. प्लॅस्टिक आतून गुळगुळीत, त्याचा फायदा धरला तरी तो नव्या जीआयच्या दोन-तृतीयांशच पाणी नेतो. जुनी लाइन गंजलेली होती म्हणून बदलल्यावर सुरुवातीला बरं वाटतं, मग सकाळची रांग लागली की पुन्हा तक्रार. जीआय काढून सीपीव्हीसी टाकताना एक माप वर जा. पीपीआर या दुसऱ्या प्लॅस्टिक पाइपचा वीस एमएम हा बाहेरून वीस असतो, आतून चौदा-साडेचौदा. दुकानात आतला व्यास विचारा, किंवा तुकडा मागून पट्टी लावा.

सॉल्व्हंट (पाइप जोडायचा चिकट द्रव) लावतानाही हात आखडता पाहिजे. फिटिंगच्या आत जास्त थापलं की ते पुढे ढकललं जाऊन आत कडं तयार होतं. कापलेल्या एल्बोत मी अर्ध्या तोंडावर पिवळट ओघळ सुकलेला पाहिलाय.

इलाज कोणत्या क्रमाने

सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे खालच्या मजल्यांच्या फ्लॅटचा मेन व्हॉल्व्ह थोडा आवळणं. खाली एक किलोच्या वर दाब आहे, त्यातला थोडा गेला तर त्यांना कळत नाही आणि वर लगेच फरक दिसतो. मात्र हे शेजाऱ्याला विचारून करा. रात्री डक्टमध्ये जाऊन गुपचूप आवळणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यानंतरची भांडणंही.

त्याने भागलं नाही तर वरच्या मजल्यासाठी टाकीतून वेगळी लाइन. टाकीला नवीन निपल (पाइप जोडायचा तुकडा), तिथून एक किंवा सव्वा इंची थेट चौथ्या मजल्याच्या फ्लॅटांना, खालच्यांचा त्यात वाटा नाही. दहापैकी सात-आठ वेळा मी हेच करतो. खालच्या कोणाची भिंत फोडावी लागत नाही, म्हणून मीटिंगमध्ये मंजूरही पटकन होतं. पूर्ण लूप बदलणं त्यानंतर.

पंप सगळ्यात शेवटी, आणि तो सामाईक डाऊनटेकवर फ्लॅटच्या आत कधीच लावू नका. तो शेजाऱ्याचं पाणी ओढतो, आणि शेजारी उद्या त्याहून मोठा लावतो. पंपाला पाणी टाकीतून वेगळ्या लाइनने मिळालं पाहिजे. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणं तर नियमात बसतच नाही.

इथे थांबा

टाकी उंच करायची कल्पना सगळ्यांना सुचते, कारण एक मीटर उंची म्हणजे वरच्याला मोठा फायदा. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. पाच हजारांची टाकी विटांचे खांब रचून स्लॅबच्या मध्यभागी उचलून ठेवायची नसते. वजन खालच्या कॉलमवर उतरलं पाहिजे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय मी या कामाला हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

गरम पाण्याची लाइन गीझरपाशी अडली असेल तर जाळी आणि अँगल कॉकपर्यंतच जा. गीझरची टाकी, वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वायरिंग हे त्याच्या मेकॅनिकचं काम. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून प्लग मारणारे भेटतात. तसं केलं तर गीझर फुटू शकतो. गच्चीवरची लाल फायर लाइन आणि तिची टाकी यांनाही हात लावायचा नाही, त्यातून जोड काढणं तर दूरच.

इमारत चार मजल्यांपेक्षा उंच असेल, एका लूपवर सोळा-वीस फ्लॅट असतील किंवा फ्लश व्हॉल्व्ह असतील, तर माझ्यासारख्या मिस्त्रीच्या अंदाजावर काम देऊ नका. प्लंबिंग कन्सल्टंट प्रत्येक नळ, शॉवर, संडासाचं फिक्स्चर युनिट (पाण्याच्या मागणीचा ठरलेला आकडा) धरून, सगळे एका वेळी उघडत नाहीत हे लक्षात घेऊन माप काढतो. त्याची फी एका चुकीच्या लूपपेक्षा कमी असते.

तो येईल तेव्हा त्याला चार गोष्टी हातात द्या: पाच आणि आठ वाजताच्या बादलीच्या वेळा, ट्यूबमध्ये पाणी किती फूट उतरलं तो आकडा, टाकीच्या तळाची स्लॅबपासूनची उंची, आणि टाकीपासून तुमच्या नळापर्यंत पाइप कुठे कुठे कोणत्या मापाचा आहे त्याचं वहीच्या पानावर काढलेलं चित्र. चित्र वेडंवाकडं असलं तरी चालेल, एल्बो मात्र मोजून काढा.